नागपूरचा उन्हाळा आणि विद्यापीठातील विजेची काटकसर

विद्यापीठात विजेच्या काटकसरीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दिव्याच्या बटणाशेजारी चिकटवलेला एक कागद उभा राहतो : ‘खोली सोडताना दिवे व पंखे बंद करावेत.’ सूचना योग्यच आहे आणि ती पाळलीही पाहिजे. परंतु ज्या काळी ती प्रथम लिहिली गेली त्या काळी ट्यूबलाइट चाळीस वॅटची असे, तिच्या तांब्याच्या चोकमध्ये आणखी बारा-पंधरा वॅट जात, आणि वर्गात दिवे व पंखे यांखेरीज वीज खाणारे दुसरे फारसे काही नसे. आज तितकाच उजेड अठरा-वीस वॅटच्या एलईडी नळीतून मिळतो. दिव्यांच्या बाबतीत काटकसरीचे मोठे काम कारखान्यांतूनच होऊन आले आहे. उरलेले काम कोठे आहे, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही.

नागपुरापुरते तरी त्याचे उत्तर स्पष्ट आहे. येथील विद्यापीठीय जीवनातील विजेचा प्रश्न हा मुख्यतः उष्णतेचा प्रश्न आहे. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे हे तर आपण बातमीही समजत नाही. याच दिवसांत विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतात, प्रबंध पूर्ण करण्याची घाई असते, आणि प्रयोगशाळांतील उपकरणेही माणसांप्रमाणेच उकाड्याने त्रासलेली असतात. अशा वेळी ‘वीज वाचवा’ एवढेच सांगणे म्हणजे विद्यार्थ्याला ‘उकाडा सोसा’ असे सांगण्यासारखे होते, आणि असा उपदेश कोणी ऐकत नाही व ऐकूही नये. यास्तव येथील काटकसरीचा विचार गारवा कसा मिळवावा या प्रश्नापासूनच सुरू केला पाहिजे.

धरमपेठेच्या आसपासचा भाग या विचारास विशेष सोयीचा आहे. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. त्याचे अनेक पदव्युत्तर विभाग अमरावती रस्त्यावर आहेत. त्याच रस्त्यावर १९४२ साली स्थापन झालेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था आहे. आणि अंबाझरी तलावाच्या बाजूस १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झालेली आजची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. यांच्या मधल्या वस्त्यांत, म्हणजे धरमपेठ, गोकुळपेठ, रामनगर येथे, बाहेरगावचे विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि खोलीत बसवेनासे झाले म्हणजे गल्लोगल्ली निघालेल्या अभ्यासिकांचा आश्रय घेतात. या खोल्यांपैकी सर्वांत स्वस्त खोली बहुधा गच्चीवरची किंवा गच्चीखालची असते. ती स्वस्त का असते, हे पुढे येईल.

प्रथम ही वीज येते कोठून ते पाहू. धरमपेठेपासून उत्तरेस पंधरा किलोमीटरच्या आत कोराडीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे आणि त्याच्या पलीकडे खापरखेड्याचे. सर्व वीज एकाच जाळ्यात मिसळत असल्यामुळे अमुक बटणाची वीज अमुक केंद्रातून आली असे म्हणता येत नाही. पण विदर्भातील वीज मुख्यतः कोळशाची आहे हे सांगण्यास त्याची अडचण नाही. कोळसा जाळून निघालेल्या उष्णतेपैकी जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडी अधिक शक्ती विजेच्या रूपाने तारेवर चढते, आणि तारांतून येताना तीतील काही भाग आणखी गळतो. एका युनिटासाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे प्रत्येक युनिटामागे दोन-अडीचशे ग्रॅम राख मागे राहते. ही राख धरमपेठेत पडत नाही. ती कोराडी-खापरखेड्याच्या परिसरात साठते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीच्या दिवसांत खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत पसरले, ही घटना आपल्यापैकी पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचली असेल. विजेच्या बिलात या गोष्टीचा आकडा नसतो.

आता उष्णतेकडे वळू. नागपूरचा अक्षांश सुमारे २१ अंश ९ कला आहे. अर्थात कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस. त्यामुळे मेच्या २६ तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्या शेतकऱ्यांनी ज्याला नवतपा म्हटले ते दिवस नेमके हेच, हा केवळ योगायोग नव्हे. या गोष्टीचा इमारतींशी निकटचा संबंध आहे. सूर्य डोक्यावर असता भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही. ते सगळे छपरावर पडते. दक्षिणेकडील खिडकीला मे महिन्यात छज्जा असला नसला तरी फारसा फरक पडत नाही, कारण सूर्य त्या बाजूला येतच नाही म्हटले तरी चालेल. पूर्वेच्या भिंतीला सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी ऊन लागते. सबंध दिवसभर भाजून निघते ती गच्ची.

मध्यान्हीच्या उन्हात दर चौरस मीटरमागे सुमारे एक किलोवॅट इतकी शक्ती असते. सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब अशा एका वर्गाच्या छपरावर म्हणजे ४८ किलोवॅट. धुळीने काळवंडलेली सिमेंटची गच्ची यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भाग शोषून घेते. त्यातील बराचसा वारा आणि आकाश यांना परत मिळतो हे खरे. पण उरलेला भाग स्लॅबमधून हळूहळू खाली उतरतो, आणि काँक्रीट जाड असल्यामुळे तो उतरण्यास तीन-चार तास लागतात. भर दुपारी एक वाजता पडलेले ऊन संध्याकाळी चार-पाच वाजता छताच्या खालच्या अंगाला पोचते. गच्चीखालच्या खोलीत राहणारा विद्यार्थी महाविद्यालयातून परत येतो तेव्हा बाहेरची हवा निवू लागलेली असते आणि त्याच्या डोक्यावरचे छत मात्र तव्यासारखे तापलेले असते. रात्री अकरा वाजता पंखा लावून तो जो वारा घेतो, तो छताला चाटून आलेला वारा असतो. स्वस्त भाड्याचे कारण हे.

याच्यावर सर्वांत साधा उपाय चुना हा आहे. ताजा पांढरा चुना उन्हाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग परत फेकतो. तोच धुळीने मळला म्हणजे त्याचा गुण कमी होतो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. आता टिकाऊ पांढरे रंग आणि पांढऱ्या फरशांचे तुकडेही वापरतात. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांची छपरे कौलारू, छत उंच, भोवती रुंद व्हरांडे आणि वर गरम हवा निघून जाण्यास झरोके. ही रचना करणाऱ्यांना वातानुकूलन ठाऊक नव्हते, पण सूर्य ठाऊक होता. आपण नंतर त्याच गावात सपाट छपराच्या, बुटक्या, पश्चिमेस काचा लावलेल्या इमारती बांधल्या आणि मग त्यांत यंत्रे बसवली. या क्रमात काटकसर शोधणे कठीण आहे.

छताची उष्णता अडवल्यावर उरते ती हवेची. येथे नागपूरच्या हवेचा एक मोठा गुण आपल्या मदतीस येतो, तो म्हणजे तिचा कोरडेपणा. माठातील पाणी गार का होते हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते : माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना आपल्यास लागणारी उष्णता माठातूनच घेते. वाळ्याच्या ताट्या आणि नागपूरच्या घराघरांतील कूलर यांचे कार्य याच नियमावर चालते. एक लिटर पाण्याची हवेच्या तापमानाला वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल, म्हणजे ०.६७ युनिटाइतकी, उष्णता नाहीशी होते. मध्यम आकाराच्या कूलरमधून मेच्या दुपारी ताशी आठ लिटर पाणी उडून जाते असे धरले, तर तो हवेतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता काढून घेतो. बाजारात ज्याला दीड टनाचे वातानुकूलन यंत्र म्हणतात त्याची शक्तीही नेमकी एवढीच असते. यंत्राला त्यासाठी ताशी सरासरीने एक युनिट वीज लागते. कूलरचा पंखा आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास घेतात. ही तुलना शब्दशः घेऊ नये, कारण कूलरची हवा एकदा खोलीतून फिरून बाहेर जाते आणि यंत्र मात्र तीच हवा पुनः पुनः थंड करते. तरीही विजेच्या खर्चात चार-पाच पटींचा फरक राहतोच.

कूलर किती गार करील याला निसर्गाने एक सीमा घालून दिलेली आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले मलमल गुंडाळून त्यावर वारा घातला असता पारा ज्या अंशावर स्थिर होतो त्यास ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात, आणि कूलरची हवा त्याच्या खाली कधीही जात नाही. मेच्या दुपारी हवा ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर हे तापमान २३ अंशांच्या जरा खाली येते. चांगल्या ताट्या या अंतराचा सुमारे चार-पंचमांश भाग कापतात; म्हणजे बाहेर ४३ आणि कूलरच्या तोंडाशी २७ अंश. पण हाच हिशेब जुलैत केला, हवा ३१ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरली, तर ओल्या फुग्याचे तापमान २७ अंशांवर चढलेले दिसते आणि तोच कूलर हवा जेमतेम तीन अंशांनी उतरवून वर ती ओलीचिंब करतो. पाऊस सुरू झाल्यावर कूलरने चिकचिक होते ही जी आपली नित्याची तक्रार, तिचे कारण यंत्रात नसून हवेत आहे. जूनच्या मध्यास पाऊस लागला म्हणजे कूलरचे पाणी बंद करावे आणि नुसता पंखा चालवावा.

कूलर असूनही खोली गार होत नाही, असे अनेक ठिकाणी ऐकू येते. याचे नेहमीचे कारण असे की, यंत्र लावलेल्या खोलीप्रमाणे कूलरची खोलीही दारे-खिडक्या लावून घट्ट बंद केलेली असते. मग बाहेर जाण्यास वाट नसलेली दमट हवा आतच साचते आणि ताट्यांतून नवी हवा आत येईनाशी होते. कूलरच्या समोरच्या बाजूची एक खिडकी अर्धी तरी उघडी हवीच. दुसरे कारण पाण्याचे क्षार. पाणी उडून जाते आणि क्षार ताटीवर बसतात. लाकडाच्या पिंजलेल्या तंतूंची जी ‘घास’ आपण वापरतो तीत पांढरे खवले धरले म्हणजे तिच्यातून वारा जात नाही. टाकीतील पाणी अधूनमधून काढून झाडांना घातल्यास हे बरेच टळते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी केलीच पाहिजे, कारण डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरी होते. आणि पत्र्याच्या कूलरला अर्थिंग असल्याची खात्री करून घ्यावी, पाणी भरताना प्लग काढावा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसे दगावतात. विजेच्या बचतीच्या लेखात या गोष्टीचा उल्लेख अप्रस्तुत वाटू नये.

कूलरवर एक आक्षेप पाण्याचा घेतला जातो, आणि तो खरा आहे. दहा तासांत ऐंशी लिटर पाणी एका खोलीत उडते, आणि नागपूरचे बरेचसे पाणी पेंच नदीवरील धरणांतून आणावे लागते. परंतु वातानुकूलन यंत्राला पाणी लागत नाही अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. औष्णिक केंद्राच्या शीतक मनोऱ्यांतूनही पाण्याची वाफ होतच असते. केंद्र शासनाने २०१५ साली अशा जुन्या केंद्रांना प्रत्येक युनिटामागे साडेतीन लिटरांची मर्यादा घालून दिली. दहा युनिट वीज घेणाऱ्या यंत्रामागे या मर्यादेपर्यंत पस्तीस लिटर पाणी कोराडीसारख्या ठिकाणी खर्च होऊ शकते. ते फक्त आपल्या नळाला येत नाही. म्हणून पाण्याच्या दृष्टीने कूलर महाग आहे हे मान्य करावे, पण यंत्र फुकट आहे असे मानू नये.

काही कामांना यंत्र लागतेच. सूक्ष्म तराजू, वर्णपटमापक, संगणकांचे सर्व्हर यांना आर्द्रता चालत नाही, आणि पावसाळ्याच्या उकाड्यात माणसांनाही यंत्राचाच आधार असतो. तेथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. भारत सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाच्या हिशेबाप्रमाणे नियंत्रक एका अंशाने वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकली जातात. २६ अंश आणि छताचा पंखा ही जोडी बहुतेकांना पुरते. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच खोलीत यंत्र आणि कूलर एकदम कधीही चालवू नयेत. कूलरने हवेत घातलेली प्रत्येक लिटर वाफ यंत्राला पुन्हा पाणी करून बाहेर टाकावी लागते. म्हणजे एकाने खणावे आणि दुसऱ्याने बुजवावे, असा प्रकार होतो.

पंख्याविषयी थोडे सांगतो. पंखा खोली गार करीत नाही, माणसाला गार करतो. उलट त्याच्या मोटरीची उष्णता खोलीतच पडते. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात म्हणूनच काही अर्थ नाही. जुन्या पेटीवजा रेग्युलेटरांत पंखा मंद केला तरी वीज बरीचशी पेटीतच उष्णता होऊन जात असे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरांत हा दोष नाही. साधा छताचा पंखा पूर्ण वेगाने सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, तर ज्याला बाजारात बीएलडीसी म्हणतात तो तेवढाच वारा तीस वॅटच्या आसपास देतो. चाळीस पंखे असलेल्या एखाद्या विभागात दिवसाला सहा तास आणि वर्षाला दोनशे दिवस धरले तर या एका बदलाने २,१६० युनिट वाचतात. मात्र हवा चाळीस अंशांच्या वर गेली म्हणजे नुसता पंखा म्हणजे गरम झोताखाली बसणे होय. अशा दुपारी गच्चीखालच्या खोलीत केवळ पंख्यावर अभ्यास करणे हे कष्टाळूपणाचे लक्षण नसून प्रकृतीला धोका आहे. ज्यांच्याकडे दुसरे साधन नाही त्यांनी ग्रंथालयात अथवा अभ्यासिकेत जाऊन बसावे. वीस विद्यार्थी एका दालनात बसले तर वीस खोल्यांचा गारवा एकाच ठिकाणी मिळतो, ही काटकसर कोणत्याही यंत्राहून मोठी आहे. विद्यापीठाने आपले वाचनालय उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बंद ठेवणे हे यामुळेच चुकीचे ठरेल. तेथे वाचलेली वीज वीस खोल्यांत दुपटीने खर्च होते.

प्रयोगशाळांचा हिशेब वेगळा आहे, आणि बचतीची खरी खाण तेथे आहे. ऊर्ध्वपातित पाण्याचे साधे उदाहरण घेऊ. तीस अंशांचे एक लिटर पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करण्यास सुमारे २,५५० किलोज्यूल, म्हणजे ०.७ युनिट लागते. ती वाफ परत थंड करण्यास नळाचे बारा-चौदा लिटर पाणी वाहून जाते. काचसामान विसळण्यास असे पाणी वापरणे म्हणजे तुपाने दिवा लावण्यासारखे आहे. आयनमुक्त पाणी पुष्कळ कामांना पुरते आणि त्यास विजेचा खर्च नगण्य असतो. जीवशास्त्राच्या विभागांत उणे ८० अंशांची शीतपेटी असते. ती दिवसाला पंधरा-वीस युनिट घेते, म्हणजे एखाद्या लहान कुटुंबाच्या घराहून अधिक, आणि तेवढीच उष्णता खोलीत सोडते. बहुतेक नमुने उणे ७० अंशांवरही सुरक्षित राहतात असा अनेक देशांतील प्रयोगशाळांचा अनुभव आहे, आणि या दहा अंशांत सुमारे एक-तृतीयांश वीज वाचते. त्याहूनही आधी, त्या पेटीतील किती नमुन्यांचे मालक पदवी घेऊन गेले आहेत, याची यादी करावी.

रसायनशाळेतील फ्यूम हूड, म्हणजे विषारी वायू ओढून बाहेर टाकणारे काचेचे कपाट, हे सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. त्याची काच अर्धा मीटर उचलून ठेवली तर ते ताशी हजार घनमीटरांच्या आसपास हवा खोलीतून ओढून बाहेर फेकते. खोली यंत्राने गार केलेली असेल तर तितकीच ४३ अंशांची हवा फटींतून आत येते, आणि तिला २६ अंशांवर आणण्यासाठी पाच किलोवॅटहून अधिक शीतनशक्ती लागते. म्हणजे एक उघडे कपाट एक दीड टनाचे यंत्र एकटेच गिळते. सुरक्षिततेसाठी ते चालू असलेच पाहिजे तेव्हा ते चालवावे, यात दुमत नाही. परंतु आत काहीही नसता, बाटल्या ठेवण्याची जागा म्हणून, रात्रभर त्याचा पंखा चालू ठेवण्यात कोणाचेच रक्षण होत नाही.

संगणकांच्या दालनाविषयी एवढेच लक्षात ठेवावे की, तेथे विजेची किंमत दोनदा मोजावी लागते. चाळीस संगणक प्रत्येकी शंभर वॅट घेत असतील तर ती चार किलोवॅट वीज अखेरीस उष्णताच होते, आणि ती उष्णता काढण्यासाठी यंत्राला आणखी एक-सव्वा किलोवॅट लागते. तासभर न वापरलेला संगणक आपोआप निद्रिस्त होईल अशी योजना करण्यास पैसा लागत नाही.

हे सर्व मोजल्यावाचून समजत नाही, आणि मोजण्यास फार मोठी साधनेही लागत नाहीत. विभागाच्या मीटरचा आकडा रात्री दहा वाजता आणि पहाटे सहा वाजता, असा आठवडाभर टिपावा. या आठ तासांत इमारतीत कोणी नसते; तरीही जे युनिट खर्च झाले ते कोणत्या कामासाठी, याचे उत्तर प्रत्येक उपकरणापुढे लिहावे. शीतपेट्या, सर्व्हर, इनक्युबेटर यांची नावे ताबडतोब निघतील. नंतर जे उरेल त्यात कोरडे भांडे सुकवणारी ओव्हन, कोणी सुरू केला हे आठवत नसलेला जलऊष्मक, आणि व्हरांड्यातील दिवे सापडतील. माझ्या मते काटकसरीचा आरंभ येथून व्हावा. वसतिगृहातील विद्यार्थ्याच्या पंख्यावर वेळेचे निर्बंध घालणारी पत्रके काढणे सोपे असते, कारण विद्यार्थी उत्तर देत नाही. ओव्हनला विचारणे अवघड, कारण ती एखाद्या वरिष्ठांची असते. पण युनिटे पंख्यात नसून ओव्हनमध्ये असतात.

छपरांवर सौर पट्ट्या बसवण्याचा मार्गही आता सर्वत्र दिसतो आणि तो चांगला आहे. नागपुरात एक किलोवॅटच्या पट्ट्या दिवसाला सरासरीने चार युनिटांच्या आसपास देतात आणि खालच्या छपराला सावलीही करतात. मात्र पट्ट्या तापल्या म्हणजे पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटते. मेच्या दुपारी त्यांचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला की सोळा टक्के हानी होते. म्हणून पट्ट्यांखालून वारा खेळता राहील इतकी उंची ठेवावी लागते.

शेवटी एक व्यावहारिक अडचण. संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि नागपूरचा उन्हाळा त्याच सुमारास सुरू होतो. गच्चीवरील चुना, कूलरच्या ताट्या, खिडक्यांचे पडदे यांच्या खर्चास नव्या वर्षाच्या तरतुदीतून मंजुरी मिळते ती एप्रिल उलटल्यावर. काम होते ते मेच्या मध्यास, जेव्हा सूर्य डोक्यावर येऊन ठेपलेला असतो. चुन्याला सुकण्यास आणि दोनदा हात देण्यास आठ दिवस पुरतात. त्याचे टिपण जानेवारीत सादर झाले तर होळीपूर्वी गच्च्या पांढऱ्या होतील.